देव सिद्ध होतो का? आणि 'नाही' तरी सिद्ध होतं का?

तापीकाठ (भुसावळ)

गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तो मेसेज फिरतोय: 'शास्त्रज्ञांनी संगणकावर देव सिद्ध केला.' खाली लगेच दोन तट. एकाचा जयजयकार, दुसऱ्याचं 'विज्ञानाने देव कधीच खोटा ठरवलाय'. मला दोन्ही पटत नाही.

आधी मेसेजमागचं खरं काय ते. कुर्ट गोडेल हा विसाव्या शतकातला फार मोठा तर्कशास्त्रज्ञ. देव आहेच अशी एक सिद्धता त्याने चिन्हांच्या भाषेत मांडली होती. तो १९७८ साली गेला, त्यानंतर ती छापली गेली. २०१३ मध्ये बेन्झम्युलर आणि वोल्टझेनलोगेल पालेओ या दोघा संशोधकांनी, डाना स्कॉट या तर्कशास्त्रज्ञाने सुधारलेलं तिचं रूप संगणकाकडून तपासून घेतलं. संगणकाने सांगितलं ते एवढंच, की ही गृहीतकं मान्य केलीत तर निष्कर्ष बरोबर निघतो. गृहीतकं खरी आहेत का, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. पुढे संगणकाच्याच मदतीने असंही लक्षात आलं की गोडेलच्या मूळ टिपणातली गृहीतकं एकमेकांनाच खोडतात. स्कॉटचं रूप त्यातून सुटतं, पण ते मानलं तर जगात जे घडलं ते सगळं अटळ होतं असंही मानावं लागतं. ही किंमत किती भाविकांना परवडेल?

नुसत्या व्याख्येतून अस्तित्व काढता येत नाही, हे जर्मन तत्त्वज्ञ कान्टने १७८१ मध्येच सांगून ठेवलंय. पण 'नाही' म्हणणाऱ्यांचीही तीच गत. जगापलीकडे असणारा, कशात हात न घालणारा देव कुठल्या प्रयोगाने खोडणार? माझं म्हणणं: देव सिद्धही होत नाही आणि असिद्धही होत नाही. तपासता येतात ते देवाच्या नावावर केलेले दावे.

मळेवाला (रावेर)

दादा, तुम्ही म्हणता त्या देवाला कोणी पूजतच नाही. लोक हात जोडतात तो देव सर्वशक्तिमान आहे, दयाळू आहे, हाकेला धावतो. तो खोडता येतो.

जूनच्या तोंडावर वादळ येतं तेव्हा आमच्याकडे येऊन बघा. घड भरलेला केळीचा खांब मधोमध मोडतो, घड मातीला टेकतो, चीक वाहत राहतो आणि व्यापारी बांधावरूनच मागे फिरतो. माझ्या शेजारचा शेतकरी रोज पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही. त्याची बाग माझ्याइतकीच आडवी झाली.

जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये हे नेमकं मांडलं: देव सर्वशक्तिमान आहे, पूर्ण चांगला आहे आणि जगात दुःख आहे, ही तीन वाक्यं एकत्र बसत नाहीत. माणसाला स्वातंत्र्य दिलं म्हणून पाप आलं, हे उत्तर खून-चोरीला चालेल. वाऱ्याला कुठलं स्वातंत्र्य?

फैजपूरची लेक

मळेवाला दादा, बाग आडवी झाल्याचं दुःख मला सांगायला नको, माझं माहेरही त्यावरच चालतं. पण तुम्ही देवाला पीकविमा समजून हिशेब मागताय.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशात कानबाई ही देवी बसते. नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, रात्रभर गाणी. रोटांना, म्हणजे तिच्या प्रसादाच्या पोळ्यांना, बाहेरचं कोणी नाही, भाऊबंदच जेवणार. सोमवारी ती डोक्यावर घेऊन नदीला जाताना माझी काकू रडते, दरवर्षी. नारळ म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक आहे. तरीही त्या रात्री तिच्यासमोर कोणीतरी असतं. तिच्याकडे पुरावा मागणं म्हणजे विषयच न कळणं.

शिरपूरकर

एवढा पसारा आपोआप उभा राहिला? साध्या मडक्याला कुंभार लागतो. मग जगाला कर्ता नको? मला तरी एवढा पुरावा बस.

चाळीसगावकर

शिरपूरकर भाऊ, हे मडकं फार जुनं आहे. न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी ईश्वरसिद्धीसाठी दिलेल्या युक्तिवादांत पहिला हाच: जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता हवा. पण त्यांच्याही कितीतरी आधी, सातव्या शतकात, बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने उत्तर देऊन ठेवलं होतं. मडकं मातीचं आणि कुंभाराने केलेलं, एवढ्यावरून वारूळही कुंभाराने केलं म्हणणार का?

आणि आमच्या पाटणला या. पाटणादेवीजवळ शिलालेख सापडला आहे: भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला, त्याला १२०७ साली दान मिळालं. त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत पृथ्वीला आधार कशाचा, हा प्रश्न घेतलाय. ते म्हणतात, पृथ्वीला कोणी धरणारा मानला तर त्याला दुसरा, त्याला तिसरा, याला शेवट नाही. शेवटचा स्वतःच्या शक्तीने उभा आहे म्हणायचं, तर ती शक्ती पहिल्यातच, पृथ्वीतच का मानू नये? ते बोलत होते पृथ्वीबद्दल. मी हाच प्रश्न जगाच्या कर्त्याला लावतो. देव बिनकर्त्याचा असू शकतो, तर जग का नाही?

निवृत्त मास्तर (अमळनेर)

चाळीसगावकर, युक्तिवाद छान, पण त्याने 'जग स्वयंभू असू शकतं' एवढंच निघतं. 'आहेच' हे निघत नाही. आणि तेच भास्कराचार्य 'बीजगणित' या ग्रंथात शून्याने भागलेल्या राशीबद्दल सांगतात की तिच्यात कितीही मिळवा वा वजा करा, ती बदलत नाही, जसा सृष्टी-प्रलयात अनंत अच्युत, म्हणजे विष्णू, बदलत नाही.

आमच्या गावात प्रतापशेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारलं, साने गुरुजीही तिथे शिकायला होते. त्या परंपरेला मान देऊन एक गोष्ट ठासून सांगतो. आपल्याकडे देव अनुमानाने, म्हणजे नुसत्या तर्काने, सिद्ध होत नाही असं म्हणणारे केवळ नास्तिक नव्हते. सांख्यसूत्रात 'ईश्वरासिद्धेः', म्हणजे ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून, असं स्पष्ट सूत्र आहे. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांना वेद प्रमाण, पण जगाचा कर्ता मान्य नाही. आणि रामानुजाचार्य, भक्तीचे एवढे मोठे आचार्य, श्रीभाष्यात कर्त्याचं अनुमान स्वतःच मोडून काढतात: मोठी कामं अनेक जण मिळून करतात, मग जगाचा कर्ता एकच कशावरून? त्यांच्या मते देव कळतो तो शास्त्रातूनच. मळेवाल्यांचा आक्षेपही ब्रह्मसूत्रांत आलाय. देव पक्षपाती आणि निर्दय ठरतो का? उत्तर दिलंय: नाही, फळ ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे.

मळेवाला (रावेर)

सर, तुमचा आदर आहे, पण बाग झोपलेल्या माणसाला 'तुझं कर्म' म्हणणं मला क्रूर वाटतं. मागचा जन्म कोणी तपासलाय? एका न दिसणाऱ्या गोष्टीला दुसरी न दिसणारी गोष्ट टेकू म्हणून दिलीत.

चाळीसगावकर

आणि सर, अच्युताची ती उपमा आहे. पुरावा म्हणून ती स्वतः भास्कराचार्यांनीही दिलेली नाही.

तापीकाठ (भुसावळ)

दावे तपासता येतात म्हणालो, त्याचं उदाहरण देतो. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतल्या १,८०२ बायपास रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींसाठी प्रार्थना झाली, काहींसाठी नाही. दोघांनाही आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे माहीत नव्हतं. गुंतागुंत झाली अनुक्रमे ५२ आणि ५१ टक्क्यांत. तिसऱ्या गटाला प्रार्थना होणार हे सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्के. देव नाही असं यातून निघत नाही. प्रार्थनेने ऑपरेशन सुखरूप होतं, हा दावा मात्र इथे टिकला नाही.

फैजपूरची लेक

त्या अभ्यासात अनोळखी लोकांना रुग्णाचं नाव आणि ठरवून दिलेलं वाक्य पुरवलं होतं. याला मी प्रार्थना म्हणत नाही. दवाखान्याबाहेर रात्रभर बसलेल्या आईची प्रार्थना तुम्ही मोजलीच नाही. पण 'नवसाला हमखास पावतो' अशा पाट्या लावून पैसे गोळा करणाऱ्यांच्या विरोधात मी तुमच्याबरोबर आहे.

मळेवाला (रावेर)

ताई, पाट्यांवर तरी एकमत झालं. पण आईची प्रार्थना लागू पडते असं म्हणत असाल तर कोणती प्रार्थना, कशासाठी आणि काय घडलं म्हणजे ती फळली, हे आधी ठरवून सांगा. निकाल लागल्यावर 'ती खरी प्रार्थना नव्हती' म्हणायचं नाही.