समितीसमोर बोलतात ते केसपेपर
डॉक्टरांविरुद्ध तक्रार केली तर 'डॉक्टरच डॉक्टरांना वाचवतात' असं बरेच जण म्हणतात. तसं कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही. पण डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्य वैद्यकीय परिषदेच्या शिस्तपालन समितीवर असताना मला खरी अडचण दिसली ती कागदांची. ऑपरेशनची नोंद तीन ओळींत, संमतीपत्रावर नुसती सही, तारीख-वेळ कोरी. अशा फायलीवरून दोषी तरी कसं ठरवायचं आणि निर्दोष तरी कसं?

डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाच्या 2002 च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास 72 तासांत नोंदी द्याव्याच लागतात. लेखी अर्ज करा, पोच घ्या, आणि वेळ घालवू नका, कारण दाखल रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं जपणं बंधनकारक आहे. भरपाई मात्र परिषद देत नाही, त्यासाठी ग्राहक आयोगाकडे किंवा दिवाणी न्यायालयात जावं लागतं.