पावसाळ्यातली सकाळ आणि चिखलाने माखलेलं खूश कुत्रं : तुमची रोजची पद्धत लिहा

जून ते ऑक्टोबर रोज सकाळी कुत्र्याला बाहेर नेणाऱ्यांनी इथे लिहावं. किस्से नकोत, रीत हवी: काय वापरता, कोणत्या क्रमाने, किती वेळ, कुठे चुकतं. तुमच्याकडची माती आणि कुत्र्याची जात जरूर सांगा, कारण त्यावर बरंच अवलंबून असतं.

पुणे, वेताळ टेकडी. लॅब्राडोर, ३२ किलो

तयारी निघण्याआधी करायची. दाराबाहेर गोणपाट, अर्धी बादली कोमट पाणी, पाणी ओतायला एक मग आणि दोन जुने सुती पंचे. टर्किश टॉवेल पाणी धरून ठेवतो आणि जुलैत दोन दिवस वाळत नाही, मग त्याचाच कुबट वास कुत्र्याला लागतो. पंचा पिळला की तासाभरात पुन्हा वापरता येतो.

आल्यावर कुत्र्याला गोणपाटावर उभं करून एका हाताने जबडा हलकेच धरायचा. अंग झटकणं डोक्यापासून सुरू होऊन शेपटीकडे जातं. डोकं स्थिर असेल तर ते सुरूच होत नाही. आधी पोट, मग चारही पाय, वरून खाली नुसत्या पाण्याने. रोज शाम्पू लावला तर कातडीचं तेल जातं आणि खाज सुरू होते. शाम्पू तीन-चार आठवड्यांतून एकदा, तोही कुत्र्यांसाठीचाच.

पुसताना चोळायचं नाही, दाबून टिपायचं. चोळल्याने आतली लव गुंतते आणि ओल आतच राहते. शेवटी पंच्याचं टोक प्रत्येक दोन बोटांच्या मधून फिरवायचं. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. चिखलाने कुत्र्याचं काही बिघडत नाही, बिघडतं ते मागे राहिलेल्या ओलीने. बोटांमधली कातडी लाल होते, कुत्रं चाटत बसतं, आणि फिकट रंगाच्या कुत्र्याचे पाय लाळेने तपकिरी होतात.

हार्नेस घरात येताच काढा. ओला हार्नेस काखेत घासतो. पट्ट्याची कडी पितळेची असेल तर गंजत नाही.

सोलापूर. कारवान

‘चिखल वाळू द्या, मग ब्रशने झाडा’ हा सल्ला काळ्या मातीला चालत नाही. ती वाळली की तळपायाच्या गाद्यांच्या मधे खड्यासारखी घट्ट बसते आणि कुत्रं लंगडायला लागतं. ओढून काढली तर केसांसकट येते. घमेल्यात चार बोटं पाणी घेऊन एकेक पाय पाच मिनिटं बुडवा, ढेकूळ आपोआप सुटतं. लांब केसांच्या कुत्र्यांचे गाद्यांमधले केस दर तीन आठवड्यांनी बोथट टोकाच्या कात्रीने गाद्यांच्या पातळीत कापावे.

कारवानच्या अंगावर ना चरबी ना दाट लव. पाच मिनिटांत पुसून होतो, पण गारठतोही लवकर. त्याला भिजल्यावर वाऱ्यात उभं करू नका.

मुंबई, मध्य उपनगर. देशी

तीन गोष्टी.

पहिली, साचलेलं पाणी. उंदरांच्या मुतातून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे) जंतू पाण्यात येतात आणि पायावरच्या बारीक जखमेतून किंवा पाणी प्यायल्याने आत जातात. पहिल्यांदा लस देताना तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, पुढे दरवर्षी एक. म्हणून एप्रिलमध्येच सुरुवात करा. लस लेप्टोच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही, तेव्हा डबकं टाळायचंच. ताप, उलट्या, खाणं बंद, डोळे किंवा हिरड्या पिवळट, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. हा रोग माणसांनाही होतो. हाताला जखम असेल तर पाय धुताना हातमोजे घाला.

दुसरी, विजेचे खांब आणि डीपी. नर कुत्रा खांबाकडेच ओढतो. ओल्या जमिनीत वीज उतरलेली असेल तर रबरी चपलांमुळे आपल्याला काही जाणवत नाही, त्याचे पाय मात्र उघडे. पावसात पट्टा आखूड धरून खांबापासून लांबून चाला. कुत्रं अचानक किंचाळून पडलं तर हात लावू नका, ओला पट्टाही सोडा आणि आधी वीज बंद करायला लावा.

तिसरी, पिशव्या. पावसात शी पसरते, एका पिशवीने भागत नाही. तीन न्या.

रत्नागिरी. देशी, दोन

जांभ्याच्या लाल मातीत लोह असतं. पंच्यावरच्या डागांवर ब्लीच टाकलं तर ते आणखी पक्के होतात. आधी गार पाण्यात भिजवा, मग लिंबू चोळा.

गडग्याच्या (दगड रचून केलेल्या कुंपणाच्या) फटीत नाक घालू देऊ नका, तिथे फुरसं असू शकतं. चावा बहुधा तोंडावर किंवा पायावर बसतो आणि लगेच सूज येते. कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, कुत्र्याला चालवायचंही नाही. उचलून गाडीत घाला. प्रतिविष कोणत्या जनावरांच्या डॉक्टरकडे असतं, हे मे महिन्यातच फोन करून विचारून ठेवा.

जळू लागली तर नख कातडीलगत सरकवून सोडवा. मीठ टाकू नका, ती पोटातलं जखमेत ओकते. तिच्या लाळेमुळे रक्त थोडा वेळ वाहतं, स्वच्छ कापड दाबून धरा. ओहोळाचं पाणी प्यायल्यावर एकाच नाकपुडीतून रक्त आणि सारख्या शिंका, असं झालं तर नाकात जळू आहे असं समजा. ती डॉक्टरनेच काढावी.

ठाणे. कॉकर स्पॅनियल

कानांचं कुणी लिहिलं नाही. लोंबते कान ओले राहिले की आत बुरशी धरते. आंबूस वास आणि तपकिरी मळ ही खूण. बड घालू नका, मळ आणखी आत जातो. डॉक्टरने दिलेलं कान धुण्याचं औषध घालून मुळाशी अर्धा मिनिट चोळा, कुत्र्याला डोकं झटकू द्या, मग दिसेल तेवढंच कापसाने पुसा.

आणि भेक, म्हणजे खरबरीत कातडीचा बेडूक. तोंडात धरला की त्याच्या कातडीतलं विष लागतं, लगेच फेस येतो. डोकं खाली करून, पाण्याची धार एका बाजूने आत आणि बाहेर अशी, पाच-दहा मिनिटं हिरड्या चोळत धुवा. पाणी घशाकडे जाऊ देऊ नका. तोल गेला किंवा झटके आले तर धुवत बसू नका, निघा.

इंग्लंड, यॉर्कशर. स्प्रिंगर स्पॅनियल

इथे चिखलाचा हंगाम हिवाळा. अलाबामा रॉट नावाचा आजार ब्रिटनमध्ये २०१२ पासून दिसतोय. नोव्हेंबर ते मे दरम्यान जास्त, दुर्मीळ, पण मूत्रपिंडं निकामी करतो. कारण सापडलेलं नाही, तरी जंगलातून आल्यावर पाय आणि पोट धुवायला सांगतात. गुडघ्याखाली कारणाशिवाय व्रण दिसला तर डॉक्टरला दाखवा. शेतात मेंढ्या असतील तर पट्टा सोडायचाच नाही.

पुणे, पहिलाच प्रतिसाद, भर

गोचिडी रोज बघा: कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, बोटांमध्ये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. पिळू नका, रॉकेल लावू नका. काढलेली साबणाच्या पाण्यात टाका.

पाऊस सरला की टेकडीवर कुसळं. ऑक्टोबरपासून तीच तपासणी कुसळांसाठी. बोटांमध्ये शिरलेलं कुसळ आतच पुढे सरकत राहतं. गाठ किंवा बारीक भोक दिसलं आणि कुत्रं तीच जागा चाटत असेल तर घरी कोरू नका.