मदत हवी आहे: लिनक्सवर स्कॅनर चालू झाला, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अडलाय

नमस्कार मंडळी. फोंड्याला आमच्या भजनी मंडळाच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, जुन्या मशीनवर ११ चढेना, म्हणून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं. आणि ड्रायव्हरअभावी (यंत्र कॉम्प्युटरशी जुळवणारं सॉफ्टवेअर नसल्याने) कपाटावर पडून असलेला स्कॅनर केबल लावताच सुरू झाला! जुन्या वह्यांतले अभंग, कडेच्या पेन्सिलीतल्या तालाच्या खुणांसकट, स्वच्छ येताहेत. फार आनंद झाला.

अडलंय ते पावत्यांच्या डॉट मॅट्रिक्सपाशी (रिबनवर पिना आपटून छापणारा जुना प्रिंटर). त्याच्या पॅरलल पोर्टला (जुन्या पद्धतीच्या रुंद जोडणीला) यूएसबी कन्व्हर्टर लावलाय. प्रिंटर यादीत दिसतो, हेडही हलतं, पण कागदावर नुसती अगम्य अक्षरं. कार्बन कॉपी हवी, त्यामुळे इंकजेट उपयोगाचा नाही. कुठला ड्रायव्हर निवडू? फोंडा-म्हापसा भागात कुणी बसून जुळवून देईल का?