काळी गाडी, आरओचं पाणी आणि सिरॅमिक कोटिंग: करू का नको?

मागावरचा माणूस

नमस्कार मंडळी. सात महिन्यांपूर्वी काळी हॅचबॅक घेतली. काळी नको म्हणून घरात सगळे सांगत होते, ऐकलं नाही. राहतो जुळे सोलापुरात, नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात. गाडी दिवसभर आवारात, उन्हात नाहीतर लिंबाखाली.

बोनेटवर आणि टपावर पांढरी गोल गोल वर्तुळं पडलीत. धुतली की तेवढ्यापुरती दिसेनाशी होतात, वाळली की परत हजर. होटगी रोडला एका दुकानात विचारलं. सिरॅमिक कोटिंगचे, म्हणजे रंगावर चढवतात त्या पातळ थराचे, २२ हजार, पाच वर्षांची वॉरंटी, 'नाइन एच'. म्हणाला, "साहेब, गाडीवर काच बसली समजा. डाग नाही, ओरखडा नाही." दरवर्षी साडेतीन हजारांची सर्व्हिस त्याच्याकडेच करायची, चुकली की वॉरंटी संपली. वर माझ्या डिकीतला टॉवेल बघून हसला, "हा आधी फेका." अहो, ४५० जीएसएमचा (चौरस मीटरला ४५० ग्रॅम), आमच्याच मागावरचा टॉवेल आहे. बावीस वर्षं मी हेच करतोय. सोलापुरात राहून गाडी पुसायला बाहेरचं फडकं विकत घ्यायचं?

धुण्याचं म्हणाल तर नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, ते गाडीवर ओतायची छाती नाही. बायको आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरते, त्यानं रविवारी जेवणाआधी धुतो. २२ हजार घालावेत का?

विजापूर रोडकर

मी दोन वर्षांपूर्वी केलंय. पैसे वाया गेले असं म्हणणार नाही, पण दुकानात ऐकलं ते वेगळं आणि मिळालं ते वेगळं. धूळ बसतेच, फक्त नुसत्या पाण्याच्या धारेनं बरीचशी निघून जाते. घासावं कमी लागतं, हा खरा फायदा. पक्ष्याची घाण लगेच पुसली तर निघते. मी एकदा गावाला गेलो, चार दिवस उन्हात राहिली, डिकीवर तिचा वळ अजून आहे. कोटिंग असूनही.

पाण्याचे डाग मात्र उलट जास्त नजरेत येतात. कोटिंगवर पाणी पसरत नाही, थेंब गोल होऊन बसतो. ऊन लागून तो आटला की त्यातला क्षार तिथंच, गोलात.

आणि आरओचं वाया जाणारं पाणी? दादा, मशीन पिण्याच्या पाण्यातले क्षार काढून त्याच पाण्यात तर सोडते! नळाचं राहू द्या, नळापेक्षा जड पाणी तुम्ही घरी तयार करून, तेही भर दुपारी, काळ्या पत्र्यावर ओतताय. तुमचा डाग तिथून येतोय. कोटिंग नंतर बघा. आधी सकाळी उन्हाच्या आत धुवा, शेवटचा तांब्या-दोन तांबे आरओचं चांगलं पाणी फिरवा आणि वाळायच्या आत पुसा. एसीच्या पाइपचं पाणीही चालतं, त्यात क्षार जवळपास नसतात. पण आपल्याकडं उन्हाळ्यात हवाच इतकी कोरडी, की दिवसभरात तांब्याही भरत नाही.

अशोक चौक गॅरेज

तीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय, कोटिंग विकत नाही, म्हणून मोकळं बोलतो.

नाइन एच हा पेन्सिलीचा नंबर हाय. तेवढ्या कडक शिसाची पेन्सिल घासून चरा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. फडक्यात अडकलेला वाळूचा कण पेन्सिल नसतो. कंपनीचा रंग प्रायमरपासून वरच्या क्लिअरपर्यंत, म्हणजे पारदर्शक थरापर्यंत, साधारण १०० ते १२० मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर), त्यात क्लिअर ४०-५०. कोटिंग एक-दोन मायक्रॉन. पुणे रोडला ट्रकच्या चाकातून उडालेला खडा त्याला काय विचारणार? खड्यासाठी पीपीएफ असते, दीडशे-दोनशे मायक्रॉनची फिल्म, पण तिचा खर्च ऐकून खाली बसाल.

दुसरं. कोटिंगच्या आधी पॉलिश मारावंच लागतं, नाहीतर आताचे डाग खाली तसेच बंद होतात. पॉलिश म्हणजे क्लिअर थोडा खाणं. दुकानदाराकडं जाडी मोजायचा गेज हाय का विचारा. नसला तर सरळ घरी या.

तिसरं, आणि हे कुणी सांगत नाही. एप्रिल-मेत पत्र्याच्या शेडमध्ये करू नका. लिक्विड लावलं की थोडं थांबायचं, इंद्रधनुष्यासारखी झाक आली की पुसायचं. ४२ डिग्रीत पत्रा तापलेला असला तर ते लावता लावताच धरतं, पुसायला सापडत नाही. ढगासारखे पट्टे राहतात आणि ते काढायला परत पॉलिश. बंद खोली, गार पत्रा, हिवाळा.

डागांना सध्या पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी. सावलीत, एका वेळी हातभर जागा, अर्धा मिनिट, मग भरपूर साधं पाणी. टॉवेलचा राग मानू नका, पण त्याची शिवलेली कड काळ्या रंगावर दिसते बे.

मागावरचा माणूस

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी व्हिनेगर केलं. बोनेटवरचे बहुतेक गेले. टपावरचे सात-आठ राहिले, नख फिरवलं तर खळगा लागतो, म्हणजे ते क्लिअरमध्ये उतरलेत. ते गेले तर पॉलिशनंच जातील, आणि पॉलिश दिवाळीनंतर. तोपर्यंत २२ हजार बँकेत.

टॉवेलचंही सांगतो. गाडी पुसायचा मायक्रोफायबरचा टॉवेल आणून कारखान्यात धागे मोजायच्या भिंगाखाली धरला. ८० टक्के पॉलिस्टर, २० टक्के पॉलिअमाइड, आणि तंतू चिरलेला, कापसापेक्षा कितीतरी बारीक. धूळ त्या चिरांत शिरते. आमच्या सुती टॉवेलचा फास, म्हणजे वर आलेला धाग्याचा वेढा, उंच आणि उभा, त्यात कण अडकला की तो रंगावरून ओढलाच जातो. मान्य. अंग पुसायला मात्र तुमचं ते फडकं कुणी वापरून दाखवा. आणि एक, मायक्रोफायबर धुताना सुती कपड्यांत टाकू नका, सगळी लव ओढून घेतो. पहिल्याच धुण्यात शिकलो.

व्हिनेगर खाली शहाबादीवर सांडलं तर तिथं बारीक फेस आला आणि फरशी खरबरीत झाली. बायको म्हणते, गाडी झाली, आता घर. शिवाय विचारतेय की आरओचं पाणी आता टाकायचं कुठं? तुळशीला नको म्हणते. फरशी पुसायला चालेल का?

अशोक चौक गॅरेज

शहाबादी मुळातच चुनखडी. तिला क्षारानं काय फरक पडणार? पुसा खुशाल.

विजापूर रोडकर

फक्त गाडी तिथं असताना बादली लांब ठेवा.