तळ्यातली बुगाटी: अशी गंजकीच ठेवायची होती तर वर काढली कशाला?

मुठाकाठी
काल लेकीने फोटो पाठवला, तळ्यातून काढलेली बुगाटी म्हणून. चाकं ओळखू येतात, बाकी सगळा गंजाचा सांगाडा. १९२५ चं ब्रेशिया मॉडेल, टाइप २२. स्वित्झर्लंडात अस्कोना गावी कुणीतरी सोडून गेलं, ड्यूटी भरलेली नव्हती, मग कस्टमवाल्यांनी १९३० च्या दशकात ती लेक माजोरेत सोडली, तीही साखळीला बांधून, म्हणजे कोणी पैसे भरलेच तर ओढून काढता येईल. कोणी आलं नाही, साखळी गंजून तुटली आणि गाडी गेली ५३ मीटर खाली. १९६७ ला एका पाणबुड्याला सापडली, २००९ ला वर काढली, २०१० ला पॅरिसच्या लिलावात २,६०,५०० युरोला गेली, त्या वेळचे एक कोटी सत्तर लाखांच्या आसपास. आणि घेणाऱ्याने ती कॅलिफोर्नियातल्या स्वतःच्या म्युझियममध्ये (ते २०२४ ला बंद झालं) तशीच ठेवली होती, गंजासकट, वर लाइट मारून.

माझं सरळ म्हणणं आहे, हे ढोंग आहे. गाडी चालायला केलेली असते. इतका पैसा आहे तर उघडा, साफ करा, जे गेलंय ते नवीन बनवा आणि किक नाही तर हँडल मारून चालू करून दाखवा. गंजाची कसली पूजा.

गंजलेला_नट
काका, उघडा म्हणता, पण उघडणार काय? लिलावाच्या वेळीच म्हणत होते की जेमतेम २० टक्के भाग कामाला येतील. तुम्ही त्या २० टक्क्यांभोवती ८० टक्के नवीन गाडी उभी करणार आणि तिला १९२५ ची म्हणणार. ब्रेशिया काही एकच बनली नव्हती, १९२१ ला इटलीतल्या ब्रेशिया गावच्या रेसमध्ये बुगाट्या पहिल्या चारही नंबरांवर आल्या म्हणून तर हे नाव पडलं, आणि त्या दीड लिटर सोळा व्हॉल्व्हच्या चालू गाड्या आजही आहेत. फटफट ऐकायची तर त्या ऐका. पण सत्तरेक वर्षं पाण्यात काढलेली ही एकच.

सदाशिव_तीस
आधी पत्त्यांत हरली, मग कस्टममध्ये अडकली, मग तळ्यात. रने ड्रेफस या रेसरने पॅरिसमध्ये पोकरमध्ये घालवली अशी गोष्ट सांगतात, खरीखोटी देव जाणे. आता तरी त्या बिचारीला निवांत बसू द्या की.

पाण्याखालचा
माझा दोघांनाही विरोध. वर काढायलाच नको होती.

मी स्वतः डायव्हिंग करतो (खडकवासल्यात नाही हो, अंदमानला). चाळीसेक वर्षं तिथले डायव्हर या गाडीला भेटायला जात होते. ५३ मीटरला वरच्यापेक्षा सहा पटींहून जास्त दाब असतो, साधी हवा घेऊन गेलात तर डोकं दारू प्यायल्यासारखं होतं, तिथे पोचून टॉर्चच्या उजेडात स्टिअरिंग दिसणं हा जो प्रकार आहे तो म्युझियमच्या फरशीवर कसा येणार?

दुसरं म्हणजे खाली गोडं, थंड पाणी, ऑक्सिजन कमी, त्यामुळे गंज सावकाश चढतो. वर आणलं की ओल्या लोखंडाला भरपूर हवा मिळते आणि मग तो सुसाट सुटतो. स्वीडनची वासा बोट बघा, १६२८ ला बुडाली, १९६१ ला वर काढली आणि लाकूड वाळून तडकू नये म्हणून १७ वर्षं तिच्यावर रसायन फवारत बसले. आणि वर काढणं म्हणजे दोरी बांधून ओढणं नव्हे, लिफ्ट बॅगमध्ये हवा भरतात, ती जसजशी वर येते तशी हवा फुगत जाते, वेळेवर सोडली नाही तर बॅग रॉकेटसारखी निघते, आणि सांगाडा मध्येच मोडला तर मग वीस टक्केही नाहीत.

गंजलेला_नट
दादा, गंजाचं पटलं. पण काढली कशासाठी ते तुम्ही गाळलंत. २००८ ला तिथल्या कार्निव्हलमध्ये तिथल्या डायव्हिंग क्लबमधल्या एका पोराला मारहाण झाली, त्यात तो गेला. त्याच्या नावाने तरुणांमधल्या हिंसेविरुद्ध फाउंडेशन निघालं, लिलावाचे पैसे तिकडे गेले. तळाशी ठेवून हे झालं असतं का?

पाण्याखालचा
हेतूला माझा नमस्कारच आहे. तरी मत तेच.

मुठाकाठी
आता माझंही ऐका. ती गाडी वर आली ती तारीख १२ जुलै. पुण्यात ही तारीख कोणाला सांगावी लागते का? १९६१, पानशेतचं धरण फुटलं तो दिवस. आमचा वाडा नारायण पेठेत. आजोबांची डुक्कर फियाट बोळात उभी होती, ती पाण्याखाली गेली, पूर ओसरल्यावर बघतात तर टपापर्यंत चिखल. आजोबांनी प्लग काढून सिलिंडरमध्ये रॉकेल ओतलं, डायनामो उन्हात वाळवला, सीटमधला काथ्या फेकून नवीन भरला, मिळतील तसे पार्ट जुन्या बाजारातून आणले आणि दिवाळीत गाडी चालू! माझ्या मुंजीला तीच होती. कोणी म्हणालं नाही की हा पुराचा इतिहास आहे, हात लावू नका.

सदाशिव_तीस
काही महिने बोळात पडलेली फियाट आणि सत्तर वर्षं तळाशी असलेली बुगाटी. वा.

गंजलेला_नट
काका, एक विचारू? गाडी अजून आहे?

मुठाकाठी
आहे. भावाच्या शेडमध्ये, भोरला. चालू आहे, बॅटरी लावली की.

गंजलेला_नट
पुराची एखादी खूण राहिली असेलच ना कुठेतरी.

मुठाकाठी
डाव्या दाराच्या आतून एक रेघ आहे, मातकट, बोटभर रुंद. आजोबा अख्खं दार रंगवायला निघाले होते, आजीने तेवढी रंगवू दिली नाही.

गंजलेला_नट
😊

मुठाकाठी
हसू नकोस. रेघ आहे, पण गाडी चालते. ती बुगाटी चालवून दाखवा आणि मग एका दाराला ठेवा हवा तेवढा गंज, माझी काही हरकत नाही.

पाण्याखालचा
काका, त्या दाराचा फोटो टाका ना.

मुठाकाठी
रविवारी भोरला जाणार आहे, तेव्हा टाकतो.