मदत हवी आहे: गणपतीत मुलांसाठी आर्केड कोपरा करायचा आहे, घरचे कन्सोल चालतील की मशीनच आणावं?

नमस्कार मंडळी,

आमचं मंडळ इंदूरचं, लोकमान्य नगरच्या बाजूचं. गणपतीत रोज संध्याकाळी काही ना काही असतं: अथर्वशीर्ष पठण, पाककृती, चित्रकला, नाट्यछटा. पण बारा ते सोळा वयाची मुलं आरती झाली की हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून बसतात, हातात आपापला फोन. खांद्याला खांदा लागलेला आणि खेळ मात्र प्रत्येकाचा वेगळा. त्यांना रागावून फोन काढून घेणं मला पटत नाही. खेळायचंच आहे तर एकत्र खेळू देत, म्हणून बाजूच्या खोलीत जुन्या व्हिडिओ गेम पार्लरसारखा कोपरा करू, असं मी कार्यकारिणीत सुचवलं. मंजूर झालं आणि काम माझ्याकडेच आलं.

आता दोन मतं पडली आहेत. खजिनदार काकांचं म्हणणं, मुलांच्या घरी कन्सोल (टीव्हीला जोडून खेळायची यंत्रं) आहेत, दोन टीव्ही मांडा, खर्च शून्य. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, घरच्यासारखंच खेळायचं तर मुलं मंडळात कशाला येतील, मॉलच्या गेम झोनमध्ये असतात तशी उभी मशीन भाड्याने आणा. मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात, म्हणून इथे विचारते आहे.

माझ्या डोक्यात काय आहे ते सांगते. मी शाळेत असताना माझा दादा मला राजवाड्याजवळच्या एका पार्लरमध्ये न्यायचा. तिथे 'मुस्तफा' होता, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स. आपल्याकडे त्याला त्या नावाने कोण ओळखतं! एका स्क्रीनवर तिघं एकदम खेळायचे आणि मागे निदान सातआठ जण उभे. 'डावीकडे बघ', 'खाणं त्याला घेऊ दे, त्याची लाइफ कमी आहे', असा सगळा गलका. दादाच्या शेजारी खेळणारा मुलगा पुष्कळदा अनोळखी असायचा आणि टोकन संपेपर्यंत तो मित्र झालेला असायचा. मला मुलांना हे द्यायचं आहे. जुना खेळ दाखवण्याचा हट्ट नाही.

थोडं वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली. पूर्वी घरच्या खेळाला लोक नाकं मुरडायचे ती चित्रासाठी. पॅक-मॅन १९८० साली आर्केडला आला. १९८२ मध्ये तो अटारी २६०० या घरच्या यंत्रावर आणला तेव्हा त्या यंत्राची मेमरी होती फक्त १२८ बाइट. खेळात मागे लागणारी भुतं एकाच वेळी नीट दाखवता येईनात, म्हणून ती लुकलुकायची. १९९० मध्ये एसएनके या कंपनीने निओ जिओ काढला, त्यात पार्लरच्या मशीनमधला आणि घरचा खेळ जवळजवळ एकच होता, फक्त घरचं यंत्र फार महाग. आज तर साध्या कन्सोलवर तोच मूळ खेळ जसाच्या तसा चालतो. म्हणजे चित्राचा प्रश्न मिटला आहे. घरी येत नाही ती माणसं. फायनल फाइटचं बघा: १९८९ ला आर्केडमध्ये दोघांनी मिळून खेळायचा खेळ, आणि सुपर निंटेंडो या घरच्या कन्सोलवर आला तेव्हा दुसरा खेळाडूच काढून टाकलेला. मूळ गंमत जिच्यात होती तीच गोष्ट गेली, असं मला वाटतं.

तर माझ्या अडचणी अशा. कन्सोलवर हरल्यावरही कितीही वेळा 'कंटिन्यू', म्हणजे तिथूनच पुढे खेळणं, करता येतं, मग हुशार मुलगा तासभर हलणारच नाही आणि मागचा कंटाळून पुन्हा फोन काढेल. हे कसं थांबवायचं? मंडळाच्या प्रोजेक्टरवर मोठं चित्र घेतलं तर चालेल का? सहा वर्षांच्या मुलापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना जमतील असे खेळ कोणते? आणि भाड्याच्या मशीनचा अनुभव कोणाला असेल तर जरूर सांगा, पैसे वर्गणीचे आहेत, जपून वापरायचे आहेत.

प्रतिसाद: पूर्वी पार्लर चालवणारा, इंदूर

ताई, मी काही वर्षं पार्लर चालवलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मशीनच्या आत बोर्डावर बारीक स्विचची एक पट्टी असते, डिप स्विच म्हणतात. किती लाइफ द्यायच्या, खेळ किती अवघड ठेवायचा, एका टोकनला किती डाव, हे मालक तिथे ठरवतो. नवशिक्याचा डाव दोन-तीन मिनिटांत आटोपला पाहिजे आणि तरी त्याला 'अजून एकदा' वाटलं पाहिजे, असं ते गणित असायचं. धंद्यासाठी होतं हे खरं, पण त्यामुळेच रांग पुढे सरकायची. घरच्या खेळाचं गणित उलटं. तिथे माणसाने एकदा पैसे भरलेले असतात, म्हणून खेळ लांबवला जातो, अर्धा ठेवून उद्या पुढे नेता येतो.

तेव्हा मशीन आणा किंवा आणू नका, टोकन मात्र हवंच. मंडळाचा शिक्का मारलेली पुठ्ठ्याची टोकनं करा. आरतीला आलेल्या प्रत्येकाला ठरावीक टोकनं, फुकट. एका टोकनला एक डाव, 'कंटिन्यू' नाही. हे सांगायला टीव्हीशेजारी एक मोठा माणूस लागेल, तो नुसता बसलेला नको, त्याला खेळाची आवड हवी. स्ट्रीट फायटर टू, म्हणजे दोघांच्या समोरासमोरच्या मारामारीचा खेळ, ठेवलात तर नियम जुनाच: हरला तो बाजूला, जिंकला तो उभा. एक फेरी खेळातल्या घड्याळाने ९९ वर सुरू होते, तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या, त्यामुळे डाव लांबत नाही. सलग तीन जिंकले की त्यालाही उठवा, नाहीतर एकच पोरगं संध्याकाळभर राज्य करेल.

आणि खुर्च्या ठेवू नका. बसला की तो घरी बसल्यासारखाच बसतो आणि मागच्याला स्क्रीन दिसत नाही.

भाड्याचं मशीन घेणार असाल तर आधी जाऊन प्रत्येक बटण स्वतः दाबून बघा. जॉयस्टिकच्या खालचे स्विच झिजलेले असतात आणि एक दिशा लागत नाही. उत्सवाच्या मध्यात ते बंद पडलं तर दुरुस्तीला कोण येणार, हे लिहून घ्या.

प्रतिसाद: टीव्ही दुरुस्तीवाला, वडोदरा

प्रोजेक्टर नको, ताई. जुन्या मशीनमध्ये काचेची पिक्चर ट्यूब असायची, बटण दाबलं की चित्र लगेच हलायचं. आजचे टीव्ही आणि प्रोजेक्टर चित्र दाखवण्याआधी त्याच्यावर प्रक्रिया करतात. खेळ सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. सहा फ्रेम उशीर झाला की सेकंदाचा दहावा भाग गेला. सिनेमा बघताना कळत नाही, पण उडी मारायच्या जागी तेवढ्यात माणूस खड्ड्यात पडतो. मुलांना कारण समजत नाही, 'हा खेळच बेकार आहे' म्हणून ती निघून जातात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो तो चालू करा, चित्र जरा फिकं दिसेल, दिसू द्या. आवाज टीव्हीचाच ठेवा, ब्लूटूथ स्पीकर लावलात तर आवाज मागाहून येतो.

कंट्रोलर वायरचे घ्या. हॉलभर फोन असताना बिनवायरचे मधूनच अडकू शकतात, शिवाय चार्जिंगची कटकट. पॅक-मॅनला अधिकच्या आकाराचं दिशा-बटण वापरायला सांगा, अंगठ्याची गोल दांडी नको. मूळ मशीनची जॉयस्टिक चारच दिशांची होती, गोल दांडी तिरकी जाते आणि वळण चुकतं.

खेळ डाउनलोड करून फुकटात चालवू नका, मंडळाच्या नावाने तर नकोच. मुस्तफा अधिकृतपणे घरच्या कन्सोलवर कधी आला नाही, तो विसरा. कॅपकॉमचा २०१८ चा मारामारीच्या सात खेळांचा संच मिळतो, त्यात फायनल फाइट दोघांना खेळता येतो आणि कॅप्टन कमांडो चौघांना एकदम. तुम्हाला हवा तो गलका त्यात होईल.

प्रतिसाद: एका नऊ वर्षांच्या मुलीची आई, इंदूर

पार्लरवाल्या दादांचं सगळं पटलं, पण एक बाजू राहिली. माझी मुलगी पाठीमागे दहा जण उभे असताना हरली तर पुन्हा त्या खोलीत जाणार नाही. पार्लरमध्ये शिकायला पैसे पडायचे आणि लाजही वाटायची. घरी शिकता येतं, हा घरचा मोठा गुण आहे. ग्रॅडियस हा कोनामीचा १९८५ चा आर्केडचा खेळ. पुढच्या वर्षी तो घरच्या यंत्रासाठी बनवताना काझुहिसा हाशिमोतो यांना तो तपासताना इतका अवघड जाऊ लागला, की बटणांचा एक क्रम दाबला की सगळी शस्त्रं मिळतील अशी सोय त्यांनी स्वतःसाठी आत ठेवली. तोच क्रम पुढे काँट्रा या खेळात आला आणि तीस लाइफ मिळू लागल्या. बनवणाऱ्यालाच सवलत लागली, तर आपल्या मुलांनी का घेऊ नये? खोलीच्या एका कोपऱ्यात, गर्दीकडे पाठ करून, एक सरावाचा टीव्ही ठेवा. तिथे टोकन नाही, स्कोअर नाही, आणि खुर्ची असू दे.

मूळ लेखिकेचा प्रतिसाद

मनापासून आभार. भाड्याच्या मशीनचा बेत सोडते आहे, प्रोजेक्टरही रद्द. सरावाच्या टीव्हीचं मला सुचलंच नसतं, तो नक्की ठेवणार, आणि त्याच्याजवळ मुलीच मुलींना शिकवतील असं बघते. कॅप्टन कमांडो मुख्य टीव्हीवर, स्ट्रीट फायटर दुसऱ्यावर. आजोबांसाठी पॅक-मॅन सरावाच्या बाजूला. फळ्यावर रोजचे पहिले पाच स्कोअर तीन अक्षरी नावांनी लिहायचे, १९७९ च्या अ‍ॅस्टेरॉइड्स या आर्केडच्या खेळात लिहायचे तसे. मुलांना पूर्ण नाव लावलेलं आवडत नाही आणि आईवडिलांनी तुलना करायलाही नको.

अजून दोन गोष्टी अडल्या आहेत. उभ्याने खेळायला टेबल किती उंच हवं, कारण सहा वर्षांचा आणि सोळा वर्षांचा एकाच टेबलाशी उभे राहणार? लहानांसाठी पाट चालेल का, की गर्दीत पडायची भीती आहे? पार्लरवाले दादा, तुम्ही लहान मुलांना कसं उभं करायचात ते सांगा. आणि अन्नपूर्णा किंवा सुदामा नगर भागात कोणाकडे जास्तीचे वायरचे कंट्रोलर असतील तर उत्सवापुरते द्याल का? नाव लिहून पट्टी चिकटवून ठेवू आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी घरपोच परत करू. नाहीतर जेल रोडला जाऊन बघते, पण आधी इथे विचारावंसं वाटलं.