शेत सुटलेल्या वडिलांना व्यायामाचे महत्त्व कसे पटवावे?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा)
माझे बाबा 68 वर्षांचे आहेत. डवरणी, निंदण, कापसाची वेचणी यांत त्यांची हयात गेली. आता गुडघे दुखतात म्हणून शेत ठेक्याने दिले आहे आणि त्यांचा बहुतेक दिवस ओसरीतल्या बाजेवर जातो. रक्तातील साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘जन्मभर राबलेल्या माणसाला व्यायाम कशाला? ती बसून खाणाऱ्यांची गरज.’’ त्यांना न दुखावता कसे समजवावे?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, अमरावती)
बाबा शेतात जात होते तोवर त्यांचे म्हणणे खरेच होते. जागतिक आरोग्य संघटनाही शेतातले आणि घरातले काम शारीरिक हालचालीत धरते. मात्र काम सुटले की मांड्यांची ताकद उतरू लागते, आणि जेवणानंतर रक्तातील साखर मुख्यतः स्नायूच उचलत असल्यामुळे त्याचा परिणाम साखरेवरही होतो. संघटनेच्या 2020 च्या सूचनांनुसार 65 वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, शिवाय किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. बाज खोल असते, म्हणून भक्कम खुर्ची भिंतीला लावून तिच्यावरून शक्यतो हात न टेकता सावकाश उठणे-बसणे, एवढ्यापासून सुरुवात करा. गुडघा जास्त दुखला तर थांबावे.

उत्तर (आशा सेविका, वर्धा जिल्हा)
पुरुष निदान पारापर्यंत तरी जातात. म्हातारी बाई सकाळी रस्त्याने नुसती चालू लागली, तर ‘घरी काही काम नाही का?’ असे चारचौघांत विचारले जाते, आणि ती दुसऱ्या दिवशी निघत नाही. जपानमध्ये 1928 पासून रेडिओवर कवायतीचे संगीत लागते आणि वृद्ध माणसे उद्यानांत जमून ती करतात; चीनमध्ये बागांमधून ताई-ची हा संथ हालचालींचा व्यायाम चालतो. सगळे मिळून करतात, त्यामुळे तिथे कोणाला संकोच वाटत नाही. आपल्याकडे सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला हीच वडीलधारी मंडळी येतात. प्रार्थनेआधी त्यांनी मिळून गावाला एक फेरी घालावी.

प्रश्नकर्ता
प्रार्थना बाबा चुकवत नाहीत, त्यामुळे ही सूचना त्यांना मानवेल. मंडळातल्या काकांशी मी आजच बोलतो. मात्र मे महिन्यात सायंकाळीही जमीन तापलेली असते, तेव्हा काय करावे?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, अमरावती)
उन्हाळ्यात फेरी पहाटे घालावी. साखरेची गोळी सुरू असेल तर अगदी उपाशीपोटी निघू नये, आणि पाण्याची बाटली सोबत असावी.